हयात कोण, मयत कोण

माझी आई पलूसजवळच्या आमच्या गावात सेवा केंद्र चालवते. शाळा सुटली की मी तिथे फॉर्म भरायला बसते. मी फार बोलत नाही, त्यामुळे लोक माझ्यासमोर काहीही बोलतात आणि मी ते वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते. निराधारांच्या पगाराची, म्हणजे सरकारी पेन्शनची, यादी तपासून मयतांची नावं काढा, असा आदेश आला आणि मागची पानं पार पुढच्या गणितापर्यंत पोहोचली!

*

पहिल्याच दिवशी एक आण्णा बायकोचा हयातीचा दाखला काढायला आले. माणूस जिवंत आहे याचा पुरावा म्हणून त्याने स्वतः मशीनवर अंगठा ठेवायचा असतो.

"काकूंना नाही आणलं?" आईने विचारलं.

"ती वारली की दिवाळीत."

"मग अंगठा कुणाचा घेऊ?"

"माझा घ्या! घर एकच हाय न्हवं?"

आईने मशीन मागे ओढलं. आण्णा समजावून सांगू लागले, "आवं, पगार चालू हाय म्हंजी सरकारच्या लेखी ती हाय. आपुन कशाला मधी बोलायचं?"

*

एक रिटायर्ड सुभेदार मात्र फौजेच्या पेन्शनच्या दाखल्यासाठी स्वतः आले. ताठ उभे राहिले, अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, जुळत नाही. रिटायर झाल्यापासून स्वतःच्या रानातला ऊस तोडून अंगठ्याच्या रेघाच झिजल्या होत्या. आठ वेळा ठेवला, आठही वेळा तेच.

"दुश्मनाला जमलं न्हाई," ते म्हणाले, "ते ह्या डबड्यानं केलं!"

*

मग आईने आणि मी यादी ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीशी ताडून पाहिली. यादीत एक म्हातारी हयात होती, मृत्यू नोंदीत तिचं नावच नव्हतं. तिच्या तेराव्याला मी स्वतः बुंदी खाल्ली होती!

पुढे पाहिलं तर अशा खूप निघाल्या, सगळ्या बायकाच. ज्याच्या नावावर जमीन, त्याची मृत्यूची नोंद महिन्याच्या आत. वारसांना सातबारावर नाव लावायचं असतं ना! जिच्या नावावर काहीच नाही, तिची नोंद करायला कुणी येतच नाही.

ग्रामपंचायतीचे क्लार्ककाका म्हणाले, "सांगायला कुनी आलं तर लिवनार. मी काय स्मशानात टेबल टाकून बसू?"

*

शेवटी काकांनी युक्ती काढली. घरोघरी जाऊन लग्नपत्रिका मागायला लागले. निमंत्रकांत ज्याच्या नावाआधी 'कै.', तो यादीतून बाद!

"असं चालतं का?" आईने विचारलं.

"ताई, नोंदवही चुकंल, पत्रिका न्हाई चुकायची. जित्त्या मानसाला कैलासवासी केला, तर भावकी जेवायला तरी येईल का?"

*

आणि परवा हौसाआजी आली. तिचा पगार बंद झाला होता. कारण: मयत. त्याच पैशांत तिच्या बीपीच्या गोळ्या येतात. नवऱ्यामागे वीस गुंठे रान तिच्या नावावर आहे, पण ते पडीक. तिचा एकुलता एक मुलगा, विलासदादा, कुपवाडला कारखान्यात आहे. त्यानेच तिला गाडीवरून आणलं होतं.

आईने क्लार्ककाकांना बोलावून घेतलं. ते आल्या आल्या विलासदादा त्यांच्या अंगावर धावून गेला. "जित्त्या बाईला मारता? लाज हाय का? केस करीन केस!"

काका आधी ऐकून घेत होते. पण तो थांबेचना. मग तेही चिडले. "मी मनानं लिवत न्हाई! थांब, मयताच्या नोंदीचा फॉर्मच दावतो!" तरातरा गेले आणि त्याची झेरॉक्स आणून टेबलावर आपटली.

आईच्या हातात काम होतं. "वाच गं," ती मला म्हणाली.

मी वाचलं. मयताचं नाव. तारीख.

"त्या टायमाला मी कुपवाडला ह्याच्याच घरी भाकरी थापत व्हते!" आजी खदखदून हसली.

पुढची ओळ होती, माहिती देणाऱ्याचं नाव आणि मयताशी नातं. मी थांबले.

"वाच की बाय. कोन त्यो मुडदा?"

मला नाव उच्चारवेना. मी फक्त नातं वाचलं. "मुलगा."

विलासदादा मोबाईलमध्ये बघायला लागला. आजीने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग तिने स्टूल आईच्या टेबलाजवळ ओढलं.

"बाई, ह्यातला कोरा फॉर्म हाय का?"

"कशाला, आजी?"

"विलासचं नाव लिव्ह. म्हायती देनारी मी. आन् नात्याच्या जागी लिव्ह, आई."