माधवीला कळता कामा नये

किस्से कसे साठतात सांगू? तीन भित्री माणसं एका खोलीत जमली की आपोआप साठतात. धीट माणसांच्या आयुष्यात काही घडतच नाही, घडलं तरी त्यांना ते घडल्यासारखं वाटत नाही. आम्ही तिघं मात्र कपाटाचं दार वाजलं तरी दचकतो, त्यामुळे आमच्याकडे माल भरपूर!

तिघं म्हणजे कोण, तर नाना घैसास, रेल्वेतून सेक्शन कंट्रोलर म्हणून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, पाच पिढ्या काशीत. दुसरे त्रिपाठी डॉक्टर, दातांचे, गल्लीच्या तोंडाशी दवाखाना. आणि तिसरा मी श्रीकांत, बँकेतला, साताऱ्याहून बदली होऊन आलो आणि इथेच रमलो. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत नानांचं घर आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर एक भलंमोठं टेबल. त्यावर छोटे रूळ, दोन स्टेशनं आणि मधे एकेरी लाइन. एका स्टेशनाचं नाव मुन्शी घाट, दुसऱ्याचं भोसले घाट. खऱ्या रेल्वेने या घाटांना स्टेशन दिलं नाही, म्हणून नानांनी दिलं!

आमच्या गाड्या डिजिटल आहेत. म्हणजे रुळात वीज कायम असते, प्रत्येक इंजिनात एक चिप असते आणि प्रत्येकाला स्वतःचा नंबर असतो. हातातल्या कंट्रोलरवर तो नंबर लावला की तेवढंच इंजिन ऐकतं. मग दुसरा नंबर घेतला तरी पहिली गाडी आपली चालतच राहते. एका वेळी चार-चार गाड्या! फक्त कुठली गाडी कुठे पोचली, हे डोक्यात ठेवावं लागतं.

आणि गेलं वर्षभर आम्हाला धास्ती आहे ती त्या डोक्याचीच. नाना विसरायला लागलेत. त्यांची मुलगी माधवी नागपूरला एका शाळेत सुपरवायझर आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल करून विचारते, "बाबा, काही विसरत नाही ना?" विसरायला लागलात की घेऊन जाणार, असं तिने स्वच्छ सांगितलंय. तिच्या फ्लॅटमध्ये टेबल मावणार नाही, आणि काशीशिवाय नाना राहणार नाहीत. म्हणून आमचा अलीकडचा प्रत्येक किस्सा एकाच वाक्याने संपतो, "माधवीला कळता कामा नये!"

*

आधी जुना सांगतो, बरे दिवस होते तेव्हाचा.

डॉक्टरांनी पहिलं इंजिन आणलं. हिरवंगार. नाना म्हणाले, "तीन नंबर लगाइए और चलाइए." डॉक्टरांनी बटण फिरवलं, हिरवं इंजिन निघालं. आणि त्याच क्षणी त्यांच्या पाठीमागे यार्डात उभं असलेलं माझं काळं इंजिनही निघालं! कुणी हात लावलेला नाही. डॉक्टरांनी हिरवं थांबवलं, काळं थांबलं. हिरवं मागे घेतलं, काळंही मागे!

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "गुरु, ई का हौ?" म्हणत ते खुर्चीवर चढले. मी काय केलं विचारू नका. मी आधीच खुर्चीवर होतो.

खरी गोष्ट अशी, की कंपनीतून नवं इंजिन येतं तेव्हा त्याचा नंबर तीनच असतो. तो आपण बदलायचा असतो, आणि मी आळसाने बदलला नव्हता. नाना शांतपणे म्हणाले, "भूत नाही हो. दोघांचं बारसं राहिलंय!"

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नव्या इंजिनाचं रीतसर बारसं होतं. रुळाच्या वेगळ्या तुकड्यावर ठेवून त्याला नंबर देतात, नाना त्याच्या कानात "कुर्र" करतात आणि आम्ही घुगऱ्या खातो. डॉक्टर दर वेळी विचारतात, "नाना, इंजन का कान किधर है?" नाना गंभीर चेहऱ्याने सांगतात, "जिधर चिप है, उधर."

*

एकदा भर दुपारी बत्ती गेली. तीन गाड्या जिथल्या तिथे उभ्या. आम्ही चहा मागवला, गप्पा मारत बसलो.

बत्ती आली आणि तिन्ही गाड्या कुणी न सांगता सुसाट सुटल्या! कंट्रोलर कुणाच्या हातात नाही, नंबर कुणी लावलेला नाही, आणि टेबलाच्या कडेपासून खाली फरशीपर्यंत तीन फुटांची दरी. मी किंचाळलो. डॉक्टरांनी खांद्यावरचा गमछा काढून पहिल्या गाडीवर झडप घातली. नाना टेबलाच्या टोकाला दोन्ही तळवे पसरून उभे राहिले आणि दुसरी गाडी त्यांनी पोटावर झेलली. तिसरी चहाच्या किटलीवर जाऊन आदळली.

खालच्या मजल्यावरचे भाडेकरू भूकंप समजून गल्लीत पळाले होते. चिपमधली एक सेटिंग चुकली की वीज परत आल्यावर इंजिन असं उधळतं, हे डॉक्टरांनी नंतर शोधून काढलं. ती सेटिंग बदलली. पण विश्वास उडाला तो उडालाच! अजूनही बत्ती गेली की बाकीचं बनारस टॉर्च शोधतं आणि आम्ही तिघं इंजिनं उचलतो.

*

माकडाचा किस्सा सांगितला नाही तर डॉक्टर रागावतील, कारण त्यात त्यांच्या अंगावर ओरखडा आहे.

गच्चीचं दार उघडं राहिलं आणि एक दांडगा वानर आत येऊन थेट मुन्शी घाट स्टेशनावर बसला. आम्ही तिघं दाराआड. डॉक्टर शूर व्हायला गेले, ओरखडा घेऊन परतले. इकडे मालगाडी चालूच होती, आणि ती त्या वानराच्या शेपटीकडे निघाली होती. "थांबवा नाना, थांबवा!" मी कुजबुजलो. नानांनी गाडी थांबवली नाही. त्यांनी हातातल्या कंट्रोलरवरचं हॉर्नचं बटण दाबलं.

इंजिनातला तो एवढासा स्पीकर असा काही कडाडला, की वानर उडाला तो थेट खिडकीच्या गजांवर, तिथून गच्चीवर आणि तिथून घाटाकडे. जाताना शेवटचा डबा घेऊन गेला. नानांनी त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, "गार्डाचा डबा रजेवर. परत येण्याची तारीख कळवलेली नाही."

*

आता अलीकडचे.

नंबर लक्षात राहीनात, तेव्हा नानांनी युक्ती काढली. अकराही इंजिनांचे नंबर बॉलपेनने डाव्या तळव्यावर लिहिले. दोन दिवस काय गाड्या चालवल्या! डॉक्टर म्हणाले, "नाना तो जवान हो गए!"

तिसऱ्या दिवशी नाना आले ते टेबलाला हातच लावेनात. नुसते तळव्याकडे बघत उभे. सकाळी गंगेत जरा जास्तच डुबक्या मारल्या होत्या आणि अकराही नंबर वाहून गेले होते!

आम्ही हसलो. नानाही हसले, पण आमच्यानंतर थोड्या वेळाने. डॉक्टरांनी खिशातून न पुसणारं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. नाना म्हणाले, "मार्कर नको. माधवीला हातावर दिसेल."

*

हा पुढचा किस्सा मी डॉक्टरांनाही सांगितलेला नाही.

आम्ही दोघंच होतो. नाना कंट्रोलर हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "श्रीकांत, हे चालू कुठून करायचं रे?"

ज्या माणसाने पस्तीस वर्षं कंट्रोल ऑफिसात बसून नुसत्या फोनवर खऱ्या गाड्या हाकल्या, तो माणूस हे विचारत होता. मी बटण दाखवलं. नाना म्हणाले, "माहीत होतं. तुझी परीक्षा घेत होतो." मी म्हटलं, "पास झालो का?" ते म्हणाले, "पास. पण माधवीला बोलू नकोस." घरी आलो आणि बायकोला सांगितलं की जेवायचं नाही, पोट बिघडलंय.

*

आणि मग माधवी आलीच. शेजाऱ्यांनी फोन केला होता, दोनदा गॅस चालू राहिला म्हणून.

"बाबा, मी भांडायला आले नाही. मला झोप येत नाही तिकडे," ती म्हणाली. नाना भडकले. "मला काहीही झालेलं नाही! चल वर. चार गाड्या, एक तास, एकट्याने. टक्कर झाली किंवा दुसऱ्या कुणी हात लावला, तर तुझ्याबरोबर नागपूर. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही!"

पैज नानांनीच लावली! डॉक्टरांनी माझा हात असा दाबला की बोटं कळवळली.

माधवीने वर आल्या आल्या आम्हा दोघांचे फोन ताब्यात घेतले, कारण फोनवरूनही गाडी चालवता येते हे तिला ठाऊक होतं. कॉपी पकडण्यात हयात गेलेली बाई! आम्हाला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि बजावलं, "खोकायचंसुद्धा नाही." मग ती रुळांना वीज देणाऱ्या मुख्य डब्याशेजारच्या खुर्चीवर बसली. त्या डब्यावर एक लाल बटण आहे. ते दाबलं की सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात.

"हे कशाला?" तिने विचारलं.

"ते भित्र्यांसाठी," नाना म्हणाले आणि त्यांनी पहिली गाडी सोडली.

काय चालवल्या त्यांनी! एक गाडी आत, एक बाहेर, तिसरी बाजूच्या साइडिंगला, चौथी सिग्नलला. चाळीस मिनिटं एक चूक नाही. माधवीच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. मी देवाला काय काय कबूल करून बसलो होतो, ते माझं मला माहीत.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला चहा आला. नानांनी भोसले घाटावरून मालगाडी सोडली. मग मुन्शी घाटावरून पॅसेंजर सोडली. मग कंट्रोलर टेबलावर ठेवला, कपबशी उचलली आणि खिडकीतून गंगेकडे बघत राहिले.

मधली लाइन एकेरी. दोन गाड्या समोरासमोर.

मी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी माझ्याकडे. ओरडावं तर नाना गेले, न ओरडावं तरी नाना गेले. चार हात अंतर उरलं, मग दोन. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. नाना बशीत चहा ओतत होते.

आणि एकदम शांतता. चारही गाड्या उभ्या. मालगाडी आणि पॅसेंजर यांच्यामध्ये वीतभर जागा. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता आणि माधवीने हात पदराखाली घेतला होता.

त्या शांततेने नाना दचकले. त्यांनी गाड्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"कोणी थांबवलं?"

मी फरशीकडे बघत होतो. डॉक्टर छताकडे बघत होते. पेपरात चिठ्ठी सापडली म्हणून सख्ख्या भाच्याला नापास करणारी ती बाई वडिलांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "तुम्हीच, बाबा. तुम्हीच थांबवलंत."

नानांनी आपले दोन्ही हात पाहिले. एका हातात कप होता, दुसऱ्यात बशी.

"हो," ते म्हणाले. "मीच."