नाव घातलेली प्रत

लखनौच्या महानगर भागात राहणारे बिडकर बँकेतून निवृत्त झाल्यापासून एकाच मराठी लेखिकेच्या पहिल्या आवृत्त्या जमवतात. पुण्याहून पार्सल आलं की आधी आवृत्तीची नोंद असलेलं पान उघडून साल ताडून बघतात. पुनर्मुद्रण निघालं तर विक्रेत्याला फोनवर असं झाडतात, की त्यांची मुलगी शिवांगी आतून ओरडते, "बाबा, आराम से!"

या लेखिकेचं पुस्तक निघालं की त्याच आठवड्यात आणायचं आणि शाईने आपलं नाव घालायचं, ही त्यांच्या बायकोची, मालिनीची सवय. लखनौला बदली झाली तेव्हा सामान कमी करायला बिडकरांनी ती सगळी पुस्तकं रद्दीत घातली. "नव्या आवृत्त्या घेऊ की," म्हणाले. घेतल्याही. मालिनीने त्या शेवटपर्यंत उघडल्या नाहीत.

ती जाऊन आता चार वर्षं झाली.

परवा विक्रेत्याचा फोन आला. "साहेब, पहिली आवृत्ती मिळालीय, पण आत कुणा बाईंनी नाव लिहिलंय. कोरी प्रत शोधू का?"

"कोरी कुणाला हवीय?" बिडकर उखडले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"नाव काय आहे, तेवढं वाचा."