झाकणाच्या आतला सिंह

“जर्मन सिल्व्हर आहे, बाई. चांदी नोहोय.”

काकाजींनी हे हळू आवाजात सांगितलं, पण मागच्या टेबलावर मला ऐकू आलं. काकाजी म्हणजे भंडाऱ्यातल्या आमच्या सराफा दुकानाचे मालक. मी तिथे तपासणीचं काम करते. जर्मन सिल्व्हर दिसतं चांदीसारखं, पण त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं.

काउंटरवर चहाची जुनी किटली होती आणि समोर दोघी बहिणी. आई गेल्यावर तिच्या वस्तू वाटल्या, तेव्हा तुमसरच्या थोरलीने सोन्याची पोत ठेवली आणि चिखल्याच्या धाकटीला किटली दिली. त्यांचे आजोबा चिखल्याच्या खाणीतल्या एका इंग्रज साहेबाकडे स्वयंपाक करायचे. साहेबाने जाताना ती त्यांना दिली होती.

धाकटी थोरलीकडे न बघता म्हणाली, “तुले माहीत होतं, ताई. म्हणून पोत तू ठेवली अन् हे मले देल्लं.”

“मले कायचं माहीत? मायच म्हणे, हे लहानीले द्या.”

“आता माय सांगाले येते का?”

थोरली पदराने चष्मा पुसत बसली. धाकटीने सांगून टाकलं, की पोरीच्या लग्नाची पत्रिका तुमसरला येणार नाही.

काकाजींनी किटली बाजूला सरकवली. मी खुणेनेच विचारून ती टेबलावर नेली.

इंग्रजी चांदीवर बारीक शिक्क्यांची एक ओळ असते. चालणारा सिंह म्हणजे चांदी ठरलेल्या कसाची. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली. अक्षरावरून वर्ष कळतं. ही ओळ काठाखाली असायला हवी होती. तिथे आजोबांचं नाव होतं. आपल्याकडे भांडं घरात आलं की त्यावर नाव टाकून घेतात, आणि तेही काठाखालीच. नाव टाकणाऱ्याने ठिपक्याठिपक्यांनी शिक्के चेचून टाकले होते. उरलेलं चिंचेने आणि राखेने घासून गेलं.

पण इंग्रजांच्या पद्धतीत सुट्या भागावरही शिक्का मारतात. झाकण सुटं होतं. मी ते उलटं केलं. आतल्या कडेला, जिथे घासणारा हात पोचत नाही, भिंगातून सिंह दिसला.

शिक्के खोटेही असतात, म्हणून झाकण मशीनमध्ये ठेवलं. ही मशीन न घासता कस सांगते. साडेब्याण्णव टक्क्यांच्या आसपास आला, म्हणजे इंग्रजी चांदीचाच. नुसता मुलामा असता तर वरच्या थराने जवळजवळ शुद्ध चांदी दाखवली असती. किटलीच्या पोटाचाही कस तोच आला. मग बूड पाहिलं. त्याच्या कडेने डाक देऊन सांधा जोडल्याची रेघ फिरली होती. जुनं बूड चुलीवर गेलं असणार, आणि कोणीतरी जर्मन सिल्व्हरचं बसवून दिलं.

आमच्याकडे भांडं उलटं करून बूडच कसोटीच्या दगडावर घासून कस बघतात, म्हणजे ओरखडा दिसत नाही. काकाजींनी तेच केलं होतं. पद्धत चांगली आहे, फक्त दुरुस्त केलेल्या भांड्याला चालत नाही.

धाकटी किटली तशीच सोडून दाराशी पोचली होती. गिऱ्हाइकासमोर मालकांना खोडायचं नाही, हे मला कामावर घेतानाच सांगितलं होतं. मी तशीही फार बोलत नाही. माझं इंग्लिश मीडियमचं मराठी ऐकून लोक हसतात. झाकण हातात घेऊन मी काउंटरपर्यंत गेले.

“काकाजी, आपण फक्त बूड पाहिलं. बाकी किटली चांदीची आहे. थोरल्या ताईंनी फसवलं नाही.”