लाल टिकलीचा प्लग

देऊळगाव राजाच्या त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी भांडायलाच गेलो होतो. भाच्याने अमेरिकेहून आणलेला मिक्सर दुकानदाराने दिलेली, तिकडचा प्लग आपल्या सॉकेटात बसवणारी पिन लावून चालवला आणि तो पहिल्याच दिवशी जळाला.

काउंटरवर एक आजी होत्या. लेकीने अमेरिकेहून पाठवलेलं शिलाई मशीन घेऊन आल्या होत्या. दुकानदाराने त्यांच्यापुढेही तीच पिन ठेवली. मी ओरडलो, "आजी, घेऊ नका! यानं माझा मिक्सर जाळला!"

"काऊन वरडून राह्यला रे बाप्पा?" त्या हसल्या. मशीन उलटं करून बुडावर बोट ठेवलं. "एकशेवीस व्होल्ट लिहेल हाये. आपल्या घरी दोनशेतीस येते. पिन बदलून लाईन कमी होते काय? भाऊ, मले ट्रान्सफॉर्मर दे, मशीनपेक्षा जास्त वॅटचा."

ट्रान्सफॉर्मर विटेएवढा जड निघाला. आजींनी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि मशीनच्या प्लगवर एक लाल टिकली चिकटवली. "घरात सून हाये, नातवंडं हायेत. लाल दिसली का सरळ भिंतीत खुपसाचं नाही, ट्रान्सफॉर्मरातच लावाचं."

निघताना त्यांनी मला विचारलं, "तुह्या मिक्सरच्या बुडाले काय लिहेल होतं रे?"

दुकानदारावरचा राग अजून गेलेला नाही. पण विकतचं वांगंही मी चार बाजूंनी पाहून घेतो. मिक्सर फुकट आला होता, म्हणून उलटा केलाच नव्हता.