पंधरा म्हणजे पंधरा

इस्पितळात तिला सगळे कोठीवाली म्हणत. कोठी धान्याची नव्हे, डिस्कची. तळमजल्यावरच्या गार खोलीत दोन-दोन स्वेटर चढवून ती बसे आणि कपाटाएवढ्या साठवणयंत्रातली जागा तुकड्या-तुकड्यांनी वाटून देई. रक्ततपासणीला एक, एक्स-रेला चार. या तुकड्यांना आभासी डिस्क म्हणतात. हाताला लागत नाहीत, पण नेटवर्कवरून जोडून दिल्या की दूरच्या सर्व्हरला वाटतं, डिस्क आपल्याच पोटात आहे. जागा देताना तिचा हात इतका आखडता, की लोक म्हणत, हिच्याकडे जागा मागण्यापेक्षा घर बांधणं परवडलं.

दोन बाबतींत ती कुणाचंच ऐकत नसे. चिठ्ठीशिवाय डिस्क द्यायची नाही. कुणाची, कशासाठी, सगळं लिहून हवं. आणि कुठलीही डिस्क एकदम पुसायची नाही. आधी सर्व्हरपासून नुसती तोडायची आणि पंधरा दिवस वाट बघायची. ज्याची असेल तो बोंब मारत येतोच. मग पुन्हा जोडायची, वर दोन शब्द सुनवायचे.

यंदा नव्या एक्स-रे यंत्रासाठी जागा हवी होती. झाडाझडतीत एक बेवारस डिस्क सापडली. जोडलेली होती एका जुन्या सर्व्हरला, ज्यावर दहा विभागांनी घरोबा केलेला, त्यामुळे यातली कुणाची ते कळेना. चिठ्ठी नाही, म्हणून दुसरी प्रतही कुठे ठेवलेली नाही. पुसली की कायमची गेली. कोठीवालीने ती तोडली आणि कॅलेंडरवर फुली मारली.

तेरा दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. तेराव्या दिवशी तिच्या विभागाचे साहेब आले. वयाने तिच्या भाच्याएवढे.

"ताई, परवा यंत्र सुरू करायचंय. पुसून टाका ती."

"अजून दोन दिवस आहेत, साहेब."

"अहो, तिचा मालक मेलाही असेल!"

"मग भूत येईल त्याचं. पंधरा म्हणजे पंधरा."

"यंत्र अडलं तर वर उत्तर तुम्ही द्यायचं."

"देईन," ती म्हणाली खरी, पण कॅलेंडरवरचे दिवस पुन्हा मोजून बघितले. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू भाजीची देठंसुद्धा पंधरा दिवस ठेवशील." तेव्हा कुठे तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा खोलीत उभे, तेवढ्यात घशाच्या विभागातल्या, बोलायला शिकवणाऱ्या बाई धापा टाकत आल्या. मागे एक निवृत्त मास्तर, गळ्याला रुमाल, हातात पाटी. स्वरयंत्र काढायच्या आधी रुग्णाचा आवाज नोंदवून ठेवायची त्या विभागाची पद्धत. बाई दोन आठवडे रजेवर होत्या, आज बघतात तर सगळे आवाज गायब! आणि मास्तरांना आपला आवाज घरी न्यायचा होता, परवाच झालेल्या नातीला ऐकवायला.

कोठीवालीने सवयीने तोंड सोडलं. "चिठ्ठी कुठाय? बिनचिठ्ठीची डिस्क दिली कुणी तुम्हाला?"

"तुम्हीच, ताई. सात वर्षांपूर्वी. म्हणालात, घाई आहे ना, घ्या आत्ता, चिठ्ठी उद्या करते."

कोठीवालीचे कान लाल झाले. साहेब छताकडे बघू लागले. मास्तरांनी पाटीवर लिहून तिच्यापुढे धरलं: "बाकावर उभ्या राहा." आणि स्वतःच खांदे हलवत, आवाजाशिवाय पोटभर हसले.

डिस्क जोडायला दोन मिनिटं लागली. मग स्पीकरमधून खणखणीत आवाज आला:

"काय बोलू? बरं, घरच्यांची हजेरी घेतो. बायको? हजर, जाणार कुठे! मुलगी? हजर. नातवंड? अजून यायचंय. आलं की ओ द्यायची, उशीर खपवून घेणार नाही."

मास्तरांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: "हजर."

कोठीवालीने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. साहेबांनी घसा खाकरला. "ताई, यंत्रासाठी माझ्या जुन्या फायलींची डिस्क घ्या. आजच पुसा. मी बोंब मारणार नाही."

"तसं चिठ्ठीवर लिहून द्या," ती म्हणाली, आणि आधी स्वतःची राहिलेली चिठ्ठी लिहायला बसली.