त्र्याऐंशीवी जागा

आरोग्य केंद्रातल्या शिंदेबाई मायक्रोस्कोपवर वाकल्या की त्यांची फक्त बोटं हलतात. रक्ताचा थेंब सुकवून रंगवलेली काच केसभर सरकवायची, बघायचं, पुन्हा केसभर सरकवायची. त्या काचेवर माझ्या लेकीचं रक्त होतं. दिवसाआड थंडी वाजून तिला ताप भरत होता.

बराच वेळ झाला तसा माझा धीर सुटला. "बाई, काही दिसत नाही ना? मग मलेरिया नाही म्हणून टाका की!"

त्यांनी मान वर केली नाही. "आहे म्हणायला एक जंतू दिसला तरी पुरतं. नाही म्हणायचं तर शंभर जागा बघाव्या लागतात. आत्ताशी साठ झाल्यात."

आपण किती झटकन 'नाही' म्हणून मोकळे होतो! शेजारीण माणूसघाणी आहे, हे मी एका दुपारीत ठरवलं होतं. आणि माझ्या खांद्यावर मान टाकून बसलेल्या या पोरीला गळा नाही, हे तिच्या एका गाण्यावरून. दुसरी जागा मी बघितलीच नव्हती.

बाईंची बोटं थांबली. "त्र्याऐंशीला सापडला बघा. आजपासूनच गोळ्या सुरू करा, होईल बरी."

गोळ्या घेऊन आम्ही बाहेर पडलो. मी म्हटलं, "बरी झालीस की ते गाणं म्हणून दाखव."

"तुला कुठं आवडतं ते?"

"मी अजून नीट ऐकलंच नाहीये गं."