तासाभराचं इमान आन् माझी पेटी

जळकोटातला इमानात पयल्यांदा बसलेला फौजी म्याच. बसल्याव पट्टा लागंना, तवा शेजारच्या सिद्रामनं मला गाठोड्यागत बांधलं.

सिद्राम मुरुमचा. शिपाई, माझ्यापरास सहा वर्सानं ल्हान. म्या लंगरात कुक, लांस नायक. युनिटात धाराशिव जिल्ह्याचे आमी दोघंच, म्हनून त्यो मला आण्णा म्हनायचा आन् म्या फुगायचो.

पोस्टिंग लेहची. चंदीगडहून सकाळी सात दहाला उडालो, सव्वाआठला टेकलो. गाडीनं त्योच रस्ता दोन-तीन दिसाचा. म्या म्हनलं, "सिद्राम, जळकोट-सोलापूर एस्टीला ह्याच्याहून जास्त येळ लागतो की! ह्ये कसलं लांब?"

तिथं हवा इरळ. उतरल्या उतरल्या सुभेदार साहेबांनी फॉल इन घेतला.

"दो दिन बिस्तर. कोई दौडेगा नहीं. कोई वजन नहीं उठाएगा. समझे?"

"समझे साब!" सगळ्यात मोठ्यानं म्याच वरडलो.

बराक चढावर, गाडी खालीच थांबली. सामान मागनं यीणार हुतं, पर माझ्या लोखंडी पेटीत आईनं दिलेल्या कडक भाकरी आन् शेंगाचटणी. ती सोडून जायाला जीव हुईना. पेटी उचलली, धा पावलं गेलो आन् मटकन बसलो. आमच्याकडं मोठ्याच्या हातात वजं दिसलं की ल्हान्याला चैन पडत न्हाय. सिद्राम माघारी आला.

"आणा हिकडं, आण्णा."

"साहेब न्हाय म्हनल्यात."

"तासाभरात मानूस कुठं बदलतोय? तुमीच म्हनला न्हवं, लांब न्हाय म्हनून."

म्या पेटी दिली. वर जाईस्तवर 'हमाल, ए हमाल' म्हनून मागनं चिडवत गेलो.

दुसऱ्या दिशी दुपारी बारा. सिद्राम खोकाय लागला.

"आण्णा, दम लागतोय. एमआय रूमला डॉक्टरकडं जाऊ का?"

"पेटी उचलून दम लागला म्हनून सांगनार व्हय? मुरुमची इज्जत जाईल," म्या हसलो. "च्या आनतो, पी."

लंगरात च्या केला, गप्पा हानल्या. दोन वाजता च्याचा मग घिऊन आलो तर त्याचे व्हट निळे पडलेले. मग हातात धरूनच म्या डॉक्टरकडं पळालो. दोनदा पडलो. डॉक्टर साहेबांनी छातीला नळी लावून ऐकलं. फुफ्फुसात पानी. ऑक्सिजन लावला, वायरलेस सेटवर बोलनं सुरू झालं.

"पेशंट सिरियस. नीचे भेजना है. ओव्हर."

"निगेटिव्ह. मौसम बंद. वेट. ओव्हर."

खाली न्ह्यायला तासाभराचंच इमान लागत हुतं. चार चाळीसला सिद्राम गेला.

म्या भित्तीला टेकून हुभा. काल सकाळी ह्यानंच माझा पट्टा बांधला हुता. मला काय कळंनाच. च्याचा रिकामा मग कुनी हातातनं काढून घेतला, ते बी कळलं न्हाय.

त्यो गेला त्या तारखेला दरसाल मुरुमला जातो. त्याच्या आईला म्या अव्वा म्हनतो. पेटीचं त्यास्नी म्याच सांगितलेलं, पयल्याच वर्सी. आता सोलापुरातनं इमान सुरू झालंय, जो त्यो अंतर किती, मिंटं किती इचारतोय. औंदा म्या बी तिथनंच सुरू केलं.

"अव्वा, तासाभरात येवढ्या उंचाव नेलं, आंगाला कळलंच न्हाय. त्या इमानानं घात केला बगा."

अव्वा शेंगा फोडत हुत्या. मान वर न करता म्हनल्या,

"इमानाचं ऱ्हाऊ दे. पेटी कुनाची हुती, त्ये सांग."